निशाणदाराची चाकं

देवासच्या खंडोजी निशाणदाराला वर्षातून एकच दिवस काम असे. दसऱ्याच्या दुपारी सरदार हंबीररावांच्या हवेलीतून भगवं निशाण उचलायचं, टेकरीच्या पायथ्याच्या शमीपर्यंत अनवाणी चालत न्यायचं आणि पूजा झाली की परत आणून देवघरात उभं करायचं. संपलं. उरलेलं वर्ष तो आधी त्या दिवसाचा शीण काढी आणि मग पुढच्या दसऱ्याच्या तयारीला लागे. तयारी म्हणजे मिशांना तेल लावणं आणि निशाण किती जड असतं ते लोकांना सांगणं. सांगता सांगता निशाण दर वर्षी थोडं जड होई.

निशाणदार हे त्याचं आडनाव, हुद्दा आणि स्वभाव असं तिन्ही होतं. या तिन्हींना घोर मात्र एकच होता, समोर राहणारा चुलतभाऊ रघुजी.

देवास गाव एक आणि संस्थानं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. खंडोजीचा उंबरा थोरल्या पातीत, रघुजीचा ओटा धाकट्या पातीत, आणि मधे एक गटार. दोघांचे आजे सख्खे भाऊ. निशाणाचा मान मुळात रघुजीच्या आजाकडे होता. एका दसऱ्याला तो ठेचकाळला आणि निशाण खाली आलं. घराण्याचा नेम असा की निशाण भुईला टेकलं तर मान तिथल्या तिथे भावाच्या घरी जातो. तसा तो खंडोजीच्या आजाकडे आला, आणि रघुजीच्या घराकडे निशाणामागून चवरी ढाळत चालण्याचं काम उरलं. रघुजीच्या घरचे तेव्हापासून सांगत आले होते की निशाण टेकलंच नव्हतं, नुसता त्याचा गोंडा टेकला होता. खंडोजीच्या घरचे विचारत, गोंडा निशाणाचा नाही तर काय घोड्याचा? हा वाद लग्नात होई, बारशात होई, तेराव्याला तर हमखास होई.

त्यामुळे रघुजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून खंडोजीची चाल बघे. बाजारात घोडं घ्यायला आलेला माणूस घोड्याचे पाय बघतो, तसं.

"दादा, डावा गुडघा जरा कुरकुरतोय का रे भिया?" तो मोठ्या काळजीनं विचारी.

"गुडघा नाही, जोडा," खंडोजी म्हणे आणि ताठ मानेनं घरात शिरे. दार लागलं की गुडघा धरून बसे.

हे असंच चालू राहिलं असतं तर खंडोजीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. पण सन एकोणीसशे दहाच्या सुमारास हंबीररावांची हत्तीण वारली.

हत्तीण वारली आणि हत्तीखाना रिकामा झाला. त्याच थंडीत हंबीरराव महूच्या छावणीत कुणा साहेबाकडे चहाला गेले. तिथे त्यांनी गोरे लोक आणि त्यांच्या मडमा पायांना चाकं बांधून गुळगुळीत फरशीवर गोल गोल फिरताना पाहिल्या. हंबीररावांचा एक गुण होता. साहेब जे करील ते आपल्याकडे व्हायलाच पाहिजे, आणि साहेबाला त्याचा कंटाळा येण्याआधी व्हायला पाहिजे. महिनाभरात हत्तीखान्याची जमीन चुनेगच्ची करून, घोटून घोटून आरशासारखी झाली आणि चाकांच्या जोड्यांची पेटी आली. लोखंडी पट्टी, तिच्याखाली चार लाकडी चाकं, वर चामड्याचे पट्टे. आपल्या जोड्यावरून पट्टे आवळायचे आणि देवाचं नाव घ्यायचं.

पहिल्या दिवशी सगळे मानकरी बोलावले गेले. सगळे पडले. कुणी बसून पडलं, कुणी लोळून पडलं, एक वयस्कर मानकरी तर उभं राहण्याआधीच पडले. दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी पाहुणे आले होते, कुणाला ताप होता, कुणाला अचानक धरमपुरीला नर्मदेवर स्नानाला जायचं होतं. खंडोजी तेवढा आला. तो सगळ्यांत जास्त वेळा पडला होता, तरी आला.

का आला? त्याला सांगता आलं नसतं. पण पहिल्या दिवशी सातव्या-आठव्या आपटीनंतर एकदा, भिंतीला ढकलून दिल्यावर, तो पाय न हलवता पुढे गेला होता. वारा मिशांतून गेला होता. त्याचं वय सेहेचाळीस. निशाण आजाचं, घर बापाचं, नाक आत्याचं, हाटपिपल्याकडची जमीनसुद्धा निशाणाबरोबर आलेली. आयुष्यात त्याला जे जे मिळालं ते कुणाचं तरी उरलेलं होतं. ही चाकं मात्र त्याची होती. ती त्याच्या बापानं फिरवली नव्हती आणि रघुजीच्या बापानं तर नाहीच नाही. त्याला त्याचा इतका आनंद झाला की घरी आल्यावर तो उंबऱ्यावरच हसत उभा राहिला.

बायको भवानीबाई त्याला चांगली ओळखून होती. "कुठे आपटलात ते दाखवा," एवढंच ती म्हणाली.

त्याने दाखवलं. ती हसली, मग गरम विटेचा शेक दिला, आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तुमानीच्या बुडाला आतून कापसाची गादी शिवून दिली. "आता बसा हवं तिथे," ती म्हणाली. गादीमुळे खंडोजी मागून जरा भरल्या अंगाचा दिसू लागला. रघुजीनं गल्लीत सांगितलं, दादाला बसून खायचं अंगी लागलंय.

आता पडण्याची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण खंडोजीची हाडं त्यावरच टिकली. दरबारी माणूस घरात कुणी गेल्याशिवाय बोडका राहत नाही. तेव्हा हत्तीखान्यातही सगळे पागोटं बांधून येत. आणि तोल गेला की खंडोजीचे दोन्ही हात पहिले पागोट्याकडे जात. मान मोडली तरी चालेल, पागोटं पडता कामा नये, हे त्याच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होतं. तो दोन्ही हातांनी डोकं धरून धपकन बसे. हंबीररावांचा भाचा प्रतापराव इंदूरच्या कॉलेजातून सुटीला आला होता. तो नव्या विचाराचा, म्हणून बोडका. तो पडला तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे टेकले आणि मनगट मोडून घेतलं. सुटी संपेपर्यंत हात गळ्यात बांधून तो हवेलीत नव्या विचारांबद्दल बोलत राहिला.

खंडोजीने घरी येऊन हे भवानीबाईला सांगितलं. तिने थोडा विचार केला.

"म्हणजे पागोट्याने तुमची मनगटं वाचवली."

"वाचवली खरी. पण माकडहाडाचं काय?"

"त्याला पागोटं बांधता येत नाही," भवानीबाई म्हणाली. "त्यापेक्षा पडायलाच नीट शिका ना. रोज पडताच आहात, तर त्यात काही हुशारी दाखवा."

मग माजघरात गोधड्यांवर गोधड्या अंथरल्या गेल्या आणि खंडोजी रोज सकाळी पडायचा सराव करू लागला. आधी गुडघे वाकवायचे. मग बसल्यासारखं खाली जायचं, एका कुल्ल्यावर झुकायचं आणि खांदा गोल करून लवंडायचं. हात छातीशी. भवानीबाई तांदूळ निवडत बसे आणि बघत असे. "हे पडणं नाही, हे कोसळणं," ती म्हणे. किंवा, "आता बरं. आता माणसासारखे पडलात." धप्प धप्प आवाज ऐकून गल्लीतल्या बायकांना वाटलं निशाणदार बायकोला मारतो. भवानीबाईला ओळखणाऱ्या बायकांना उलटं वाटलं.

उन्हाळा येईपर्यंत खंडोजीचं बस्तान बसलं. चाकं बांधण्याआधी तो तालमीतल्यासारख्या बैठका काढी, घोटे फिरवून घेई, चाकांना वंगण घाली, पट्टा ओढून बघे. जेवल्यावर जात नसे. हा नियम त्याला एकदा दाल-बाफल्यांच्या पंगतीनंतर कळला होता. तुपात बुडवलेले बाफले पोटात असताना त्याने वळण घेतलं, वळण पोटाने घेतलंच नाही, आणि बरगडी आठवडाभर श्वास मोजून घेऊ देत होती. गेरूने जमिनीवर दोन वर्तुळं एकमेकांना लागून काढायची आणि एका पायावर राहून एका वर्तुळातून दुसऱ्यात जायचं, हे महूचे साहेब करत. खंडोजीही करू लागला. भवानीबाईने त्याने काढलेली वर्तुळं अंगणात पाहिली आणि म्हणाली, माझ्या रांगोळीत असं वांगं निघालं तर सासूने हात मोडला असता. तिने त्याला दोरी आणि खिळा घेऊन वर्तुळ काढायला शिकवलं.

हंबीररावांना एव्हाना कंटाळा आला होता. साहेबांनाही आला होता, म्हणे. हत्तीखान्यात आता एकटा खंडोजीच असे, आणि एका कोपऱ्यात वारलेल्या हत्तिणीची झूल.

त्याला एकच गोष्ट येत नव्हती. पुढे जाता जाता, न थांबता, एकाच पायावर गर्रकन उलटं व्हायचं आणि मागे मागे जात राहायचं. हंबीररावांबरोबर महूला गेला असताना त्याने एकदा एका म्हाताऱ्या गोऱ्याला हे करताना पाहिलं होतं. तेव्हापासून जेवताना, झोपताना, रघुजीशी भांडताना त्याच्या डोक्यात ते उलटं होणं चालू असे.

भाद्रपद संपत आला तेव्हा भवानीबाईने त्याला समोर बसवलं.

"दसऱ्यापर्यंत चाकं बंद."

"पण मी आता पडतच नाही."

"पडत नाही तोपर्यंत बंद करा. समोर भावजी ओट्यावर बसून डोळ्यांत तेल घालून बघतायत. तुमचा पाय वाकडा पडला की मान गेला. आजेसासऱ्यांपासून आहे तो. तुमच्या हातून जायला नको." तिचा आवाज जरा बदलला होता. "मला बाकी काही नको हो. पण मी या घरात निशाणदाराची सून म्हणून आले."

खंडोजीने कबूल केलं. तो मनापासून कबूल झाला होता. पण नवरात्र बसलं आणि त्याचं मन हत्तीखान्यातच राहिलं. नवरात्रात निशाणदाराचा नेम असा की कातडं अंगाला लागू द्यायचं नाही. जोडे नाहीत, पट्टा नाही, पखालीचं पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या माळेला खंडोजी हवेलीत निशाणाची काठी पुसायला गेला. काठी पुसून झाली. हत्तीखाना शेजारीच होता. तो आत गेला आणि विचारात पडला.

पायात जोडे नव्हते. तर अनवाणीच बांधू, तो म्हणाला. चामड्याचे पट्टे चालणार नाहीत. तर ते काढून टाकू. झुलीच्या कडेला सुताच्या नाड्या होत्या, त्या त्याने सोडून घेतल्या आणि चाकं पायांना नाड्यांनी बांधली. देवीचा नेम पाळला आणि बायकोचा मोडला. पण देवी जास्त कडक, असं त्याचं मत होतं. पुढे त्याला ते बदलावं लागलं.

त्या दिवशी तो उलटा झाला. एकदाच. पुढे जाता जाता एका पायावर वळला आणि मागे मागे जात राहिला, हत्तीखान्याची दोन्ही दारं त्याच्यापासून लांब लांब जाताना त्याने पाहिली, आणि तो मोठ्याने हसला. तेवढ्यात सुताची नाडी सैल झाली. चाक एकीकडे गेलं, घोटा दुसरीकडे. तो पडला मात्र अगदी शिकवल्याप्रमाणे. हात पागोट्याला, खांदा गोल. पण घोट्याने पडायचं शिक्षण घेतलं नव्हतं.

घरी येताना गल्लीभर त्याने एक युक्ती केली. प्रत्येक दाराशी थांबून तो घरच्यांची विचारपूस करत गेला. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांचीही केली. शेवटच्या टप्प्यात रघुजीचा ओटा होता.

"दादा, आज फार माया आली लोकांची?"

"नवरात्र आहे बाबा," खंडोजी म्हणाला आणि दात आवळून उंबरा ओलांडला.

भवानीबाईने घोटा पाहिला. तिने विहिरीच्या गार पाण्याच्या घंगाळात त्याचा पाय घातला, मग उशांवर उंच ठेवला, जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली. सगळं झाल्यावर म्हणाली, "नाडी कशाची होती?"

"सुताची. कातडं चालत नाही ना."

"देवीनं सांगितलं होतं का, की नवरात्रात चाकं फिरव म्हणून?" एवढं म्हणून ती आत जाऊन रडली. तो उशांकडे बघत बसला. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

पण भवानीबाई फार वेळ रडणाऱ्यांतली नव्हती. गल्लीत बातमी गेली की निशाणदार यंदा घटासमोर अनुष्ठानाला बसलेत, उंबरा ओलांडणार नाहीत. अडचण एकच होती. भाऊबंदांनी रोज आरतीला यायचंच असा रिवाज होता, आणि रघुजी इतका भाविक पूर्वी कधीच नव्हता. तो सर्वांत आधी येई, सर्वांत शेवटी जाई आणि मधे खंडोजीच्या धोतराच्या घोळाकडे बघत राही. धोतराखाली पाय होता.

त्याच संध्याकाळी आरतीला उभं राहायची वेळ आली. खंडोजी उठला, सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि डावा पाय अधांतरी धरला.

"दादा, हे काय?"

"नवस आहे," भवानीबाई ताम्हण उचलत म्हणाली. "एका पायावर आरती. यांच्या घराण्यात फार जुना आहे. तुमच्या शाखेत राहिला नाही का, भावजी?"

रघुजीचा चेहरा पडला. घराण्यातलं काहीही आपल्या शाखेत राहिलं नाही असं म्हणणं त्याला शक्यच नव्हतं. तोही एका पायावर उभा राहिला. आरती लांबली, कारण भवानीबाईला त्या दिवशी सगळ्या देवांच्या आरत्या आठवल्या. खंडोजी चाकांवर सात-आठ महिने एका पायाने फिरला होता, तो समईसारखा स्थिर. रघुजी आधी डुलला, मग खांब धरला, मग घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या आत्याच्या अंगावर गेला. पुढे रोज असंच झालं. अष्टमीला रघुजीचा उजवा पाय इतका दुखू लागला की तोच लंगडत घरी गेला. खंडोजीने ते खिडकीतून पाहिलं आणि त्याला देवीचे आभार मानावेसे वाटले.

दसऱ्याला सूज उतरली होती, दुखणं नव्हतं उतरलं. अनवाणी पायावर पट्टी दिसली असती. भवानीबाईने पट्टीला हळद फासली, वर कुंकवाची बोटं ओढली, दुसऱ्या घोट्यालाही तशीच बांधली. "कुणी विचारलं तर देवीचा गंडा," ती म्हणाली. मग खाली वाकून तिने गाठ पुन्हा तपासली. "मी बाजारातल्या माडीवर चिकाच्या पडद्याआडून बघणार आहे. संभाळून चाला."

मिरवणूक निघाली. पुढे डंक्याचा घोडा, त्यामागे निशाण घेऊन खंडोजी, त्यामागे चवरी घेऊन रघुजी, त्यामागे घोड्यावर हंबीरराव, मग वाजंत्री आणि लोक. निशाणदाराने खाली बघायचं नसतं, नजर निशाणाच्या टोकावर. खंडोजी एकेक पाऊल टाकत होता आणि प्रत्येक पावलाला घोट्यातून कळ कानापर्यंत जात होती. चेहरा मात्र शांत. बाजाराचं वळण आलं. तिथे उतार आहे. आणि त्या उतारावर, अगदी मधोमध, डंक्याच्या घोड्याने आपलं काम करून ठेवलं होतं.

अनवाणी पाय ताज्या लिदीत गेला आणि घसरला.

घसरणं खंडोजीच्या ओळखीचं होतं. गुडघे आपोआप वाकले, तो बसत खाली गेला, उजव्या कुल्ल्यावर झुकला, खांदा गोल झाला. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात पागोट्याकडे गेले नाहीत. दोन्ही मुठी काठीवर होत्या आणि काठी उभी होती. पागोटं डोक्यावरून सुटलं आणि घरंगळत गटाराच्या कडेशी जाऊन थांबलं. तो बोडका, बाजारात, लिदीत बसला होता, आणि निशाण त्याच्यावर फडकत होतं.

फक्त एक झालं. काठी एकदा झुकली, आणि तिच्या टोकाचा लाल गोंडा खाली येऊन भुईला घासून गेला. खंडोजीने पाहिलं. त्याच्या मागे हातभर अंतरावर उभ्या असलेल्या रघुजीने पाहिलं. बाकी कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

वाजंत्री थांबली. हंबीररावांनी घोडा पुढे घेतला.

"टेकलं का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. ते खंडोजीच्या जिभेवर आलंही होतं. पण मागे रघुजी होता, आणि आता रघुजीची वेळ होती. दोन पिढ्या त्या घराने या एका क्षणाची वाट पाहिली होती. खंडोजीने डोळे मिटले. पडद्याआडची भवानीबाई त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"सरकार," रघुजी म्हणाला. त्याची नजर गटाराकाठच्या पागोट्यावर होती. "निशाण नाही टेकलं. नुसता गोंडा टेकला. गोंडा टेकला म्हणजे निशाण टेकलं असं होत नाही."

गर्दीतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. हंबीररावांनाही तो वाद पाठ होता. ते सावकाश म्हणाले, "खंडोजी, तुम्हाला हे मान्य आहे?"

खंडोजीला कळलं की तो सापडला. नाही म्हणावं तर निशाण टेकलं, मान रघुजीचा. हो म्हणावं तर रघुजीच्या आजाचंही टेकलं नव्हतं, मग मान मुळातच रघुजीचा. त्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. रघुजीने हे डावपेच म्हणून केलं असेल असं त्याला वाटलं होतं, पण त्या चेहऱ्यावर डाव नव्हता. तिथे एक माणूस आपल्या थोरल्या भावाला भर बाजारात बोडका बसलेला बघत होता आणि त्याला ते बघवत नव्हतं. हो म्हणून निशाण तसंच पुढे नेता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. रघुजीने तर नाहीच.

"मान्य," खंडोजी म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि याच्या आजोबांच्या वेळीही टेकलं नव्हतं. आमच्या घराने उगाच वाद घातला. रघू, धर हे."

रघुजीच्या हातातली चवरी खाली पडली. त्याने काठी दोन्ही मुठींत धरली.

"जड आहे रे दादा," तो म्हणाला.

"सांगत नव्हतो इतकी वर्षं?"

खंडोजी उठला, पागोटं झटकून डोक्यावर ठेवलं, चवरी उचलली आणि निशाणामागून चालू लागला. चालताना तो लंगडत होता. आता लपवायचं कुणापासून? नवरात्रभर दाबून धरलेलं लंगडणं त्याने शमीपर्यंत मनसोक्त लंगडून घेतलं.

संध्याकाळी भवानीबाईने गार पाण्याच्या घंगाळात त्याचा पाय घातला. "तू निशाणदाराची सून म्हणून आलीस," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आले होते," ती म्हणाली. "मग पडायला शिकवणारीण झाले. आज बघितलं मी वरून. हात पागोट्याला गेले नाहीत तुमचे." तिने पाय पाण्याबाहेर काढून पुसला. "दिवाळीनंतर जा हत्तीखान्यात. पण पट्टे चामड्याचे."

तो गेला. त्यानंतरचं त्याचं आयुष्य सांगण्यासारखं आहे ते एवढंच की तो सुखी होता. मिशांना तेल कमी लागे, घोट्यांना जास्त. आणि संध्याकाळी तो उंबऱ्यावर बसून समोरून जाणाऱ्या रघुजीची चाल बघे.

"रघू, डावा गुडघा जरा कुरकुरतोय का रे भिया?"

रघुजी पहिल्या वर्षी ताठ मानेनं आत निघून जाई. दुसऱ्या वर्षी, दसरा जवळ आला तेव्हा, तो गटार ओलांडून आला आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, ते पडायचं कसं ते जरा दाखव ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या पातीत गोधड्या अंथरल्या गेल्या. भवानीबाई तांदळाचं सूप घेऊन तिकडे जाऊन बसली, आणि पहिला धप्प आवाज झाल्यावर तिचा आवाज गल्लीभर ऐकू आला.

"हे पडणं नाही भावजी, हे कोसळणं. पुन्हा."